समाप्तीचा नारळ

श्रीहरीने पोथी मिटली, लाल कापडात गुंडाळली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "बाकी उद्या."

हे दोन शब्द ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. बाकी म्हणजे एकच अध्याय, शेवटचा. तो उद्याही वाचला जाणार नाही हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं आणि सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर पडलेल्या माझ्या सासूलाही ठाऊक होतं. उद्या तो अंघोळ करून येणार, पाटावर बसणार आणि पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरू करणार. घाण्याच्या बैलाला निदान तेल तरी निघालेलं दिसतं.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. लग्नात उखाण्यात घ्यायला लावलं तेव्हा कुणाला पाप लागलं नव्हतं.

आमचं गाव सावली गावाच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये. आमच्याकडे माणूस शेवटाला आला की त्याच्या उशाशी पोथी लावतात. वाचणारा पोथीपुढे एक नारळ ठेवतो आणि त्या दिवसापासून ती पोथी जागची हलत नाही. रोज थोडे अध्याय वाचायचे. शेवटच्या अध्यायाच्या वेळी घराचं दार सताड उघडं ठेवायचं आणि वाचून झालं की नारळ फोडायचा. अडकलेला जीव त्या शेवटच्या अध्यायाने सुटतो, असा सगळ्यांचा विश्वास. ज्याने नारळ ठेवला त्यानेच फोडायचा, हेही ठरलेलं. अर्धी पोथी टाकणाऱ्याला दोष लागतो.

त्या अध्यायातली गोष्ट लहान पोरालाही कळेल अशी आहे. एका म्हातारीला न्यायला देव स्वतः दारात येतो. म्हातारी म्हणते, थांब बाबा, चूल विझवून येते. मग म्हणते, वासराला पाणी पाजून येते. मग तिला आठवतं, शेजारणीचं सूप परत करायचं राहिलं. देव दारात उभाच. शेवटी ती पदराला हात पुसत बाहेर येते आणि म्हणते, चल. एवढंच. पण श्रीहरी ते वाचायला लागला की बाप्यांचेही डोळे भरून येतात.

कारण आमच्या भागात पोथी लावायची तर श्रीहरीनेच. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ, आणि अंगात एक शांतपणा. एखाद्या घरी डॉक्टरऐवजी श्रीहरीला बोलावणं गेलं, की त्या घरच्यांनी काय ठरवलंय ते गावाला कळतं. रडणाऱ्या पोरांना तो समजावतो, "देह भाड्याचं घर हाये बाप्पा, कवातरी खाली करा लागते. मोह धरू नोका. तुमी धरून बसले त त्यायले जाता येत नाई." किती पोरांनी त्याचे पाय धरले असतील. लोकाच्या माया सोडवायला आमचा माणूस फार हुशार.

ही कीर्ती सुरू झाली ती माझ्या सासऱ्यांपासून. गुणवंतराव खाटेला खिळले होते तेव्हा श्रीहरी नवा नवरदेव होता. बापासाठी त्यानेच पोथी लावली. शेवटची ओळ वाचून त्याने पोथी मिटली आणि तिकडे सासऱ्यांनी मान टाकली. अगदी त्याच क्षणी. अंगणात बसलेले लोक म्हणाले, काय भाग्याचा बाप, आणि काय भाग्याचा लेक. त्या दिवसापासून त्याला बोलावणी येऊ लागली. तो स्वतः त्या दिवसाबद्दल कधी काही बोलला नाही. मला वाटे, नम्रपणा आहे.

यंदा पोळ्यानंतर सासू अंगणात शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी हृदय तपासलं आणि सांगितलं, ऑपरेशन झेपणार नाही, घरी न्या, सेवा करा. सेवा करा म्हणताना डॉक्टर माझ्याकडे बघत होता. बरोबर ओळखलं त्याने.

घरी आल्यावर सासूच म्हणाली, "श्रीहरी, पोथी लाव बाबा." गिरजाबाई म्हणजे हिशेबी बाई. आयुष्यात एक भांडं उपडं घालायचं विसरली नाही. मरणही तिला वेळेवर आणि रीतीने उरकायचं होतं. श्रीहरीने नारळ ठेवला.

समाप्तीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. भजनी मंडळाचे देवरावभाऊ टाळ घेऊन आले. बायकांनी तुळशीची पानं आणली. सासूने मला पेटीतलं नवं लुगडं काढायला लावलं, कण्हत कण्हत नेसली, केसांना तेल लावून घेतलं. दार सताड उघडलं. श्रीहरी वाचत वाचत शेवटच्या अध्यायापाशी आला, पान उलटलं आणि थांबला. एकदा मायकडे बघितलं, एकदा पानाकडे. मग पोथी मिटली.

"आज दिवस बरोबर नाई. उद्या करू."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं, चहा घेतला आणि गेले. सासू नवं लुगडं नेसून तशीच छताकडे बघत पडून राहिली. संध्याकाळी मीच ते सोडवलं आणि पुन्हा जुनं गुंडाळलं. तिच्या तोंडावरची ती लाज मला अजून दिसते. सजूनधजून बसावं आणि न्यायला कुणी येऊच नये, तशी लाज.

मग कारणांची रांगच लागली. कधी तिथी बरी नाही, कधी घसा बसला. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर वाघाचे पंजे उमटले, त्याचा फोटो गावच्या मोबाईलवर फिरला, तर ते कारण झालं. "दार उघडं ठिवून कसा वाचू? वाघ फिरून राह्यला." भर दुपारी, माणसांनी भरलेल्या सपरीत वाघ पोथी ऐकायला येणार होता जणू. शेवटचा अध्याय आला की पोथी मिटायची, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. नारळ मात्र तोच. फोडलाच नाही तर बदलणार कसा?

आम्ही तिघं त्या घरात अडकलो. सासू खाटेवर, तो पाटावर आणि मी दोघांच्या मध्ये भांडं, फडकी आणि पेज घेऊन. मला माहेरी जाता येईना, शेतात जाता येईना, शेजारी बसता येईना. बाहेर पडले की बायका विचारत, "काऊन व रंभाबाई, समाप्ती कवा?" कुणाकुणाच्या डोळ्यांत हसू दिसे. आजूबाजूच्या बांध्यांतलं धान कापून कडपा पडला, आमचं उभंच. लोंब्या वाळून दाणा झडायला लागला, डुकरं आत शिरायला लागली. श्रीहरी म्हणे, "माय अशी असतानी विळा कसा धरू?" पोथी आहे म्हणून शेत नाही आणि माय आहे म्हणून पोथीला शेवट नाही. माझी इकडे आड तिकडे विहीर.

आणि सासूला दुखत होतं. हे कुणी बोलत नव्हतं म्हणून मी बोलते. कूस बदलायची तर ती उशी तोंडात धरायची. पाठीला जखम झाली होती, ती खोल चालली होती.

उपकेंद्रातली हर्षा सिस्टर पट्टी करायला यायची. ती आमच्याच गावची, बौद्ध मोहल्ल्यातली, सासूच्या हातची धिरडी खाऊन मोठी झालेली. एका दुपारी तिने श्रीहरीला हाक मारली. "भाऊ, जराक हात लावा. आजीले कुशीवर घ्या लागते. काकू एकट्या कितीक उचलतीन?"

श्रीहरीने पानावरून नजर न काढता सांगितलं, "पोथी सुरू हाये बाई. मले आसन सोडता येत नाई."

आम्ही दोघींनी उचललं. जखम उघडी पडली तशी सासूच्या तोंडून आवाज निघाला आणि त्याच वेळी श्रीहरीचा आवाज चढला. तो अजून जोरात वाचायला लागला. मला आधी वाटलं, देवाला ऐकू जावं म्हणून. मग कळलं, स्वतःला ऐकू येऊ नये म्हणून.

जाताना हर्षा मला फाटकापाशी म्हणाली, "काकू, माझा आजा गेला तवा आमी त्याच्यापाशी बसून वंदना म्हटली होती. आमच्यात पोथी नाई, नारळ नाई. पन आजानं सगळ्यायचे तोंडं पाह्यले, सगळ्यायचे हात धरले. भाऊ आजीकडं पाहूनच नाई राह्यले."

मी आत आले तर सासू म्हणाली, "खरं बोलली पोरगी. तो पोथीकडंच पाह्यते. माह्या तोंडाकडं त्यानं पायलंच नाई रंभे." कान मात्र तिचे शाबूत होते.

देवरावभाऊंनीही एकदा प्रयत्न केला. वयाने आणि मानाने मोठा माणूस. अंगणात बसून म्हणाले, "श्रीहरी, लेकराचा धर्म कोनता? मायले सुखानं वाटे लावनं. तूच आमाले सांगत आला."

"मले धर्म शिकवू नोका भाऊ," श्रीहरी म्हणाला. "मी माह्या मायची सेवा करून राह्यलो. रोज वाचून राह्यलो. आनखी काय पायजे?"

देवरावभाऊ उठून गेले. धर्माच्या आड लपलेल्या माणसाला बाहेर काढणं फार कठीण. बिळात शिरलेल्या उंदराला धूर तरी देता येतो.

त्याच दिवसांत शेजारच्या गावातल्या इतवारी नावाच्या पोराचा बाप शेवटाला आला होता. तिथेही श्रीहरीनेच नारळ ठेवला होता. सकाळी तिकडे त्यांच्या घरची पोथी, दुपारी इकडे आपली. एका सकाळी इतवारी मोटारसायकल घेऊन दारात आला आणि हात जोडून उभा राहिला.

"भाऊ, बाप लय तडफडून राह्यला. आज समाप्ती करून टाका. पाह्यवत नाई आता."

"चाल," श्रीहरी लगेच उठला. इतवारीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मोह धरू नोको. अर्ध्या वाटंवर कोनाले ठिवू नये."

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. सूप माझ्या हातून पडलं. तांदूळ सगळ्या अंगणभर झाले, कोंबड्या धावल्या. श्रीहरीने वळून बघितलंही नाही. गाडी गेली.

दुपारच्या आत गावात बातमी आली. शेवटचा अध्याय झाला, नारळ फुटला आणि इतवारीचा बाप निजल्यासारखा गेला. सांगणारी बाई म्हणाली, "तुमचे मालक म्हंजे देवमानूस हो."

मी हातपाय धुतले. सपरीत आले. दार सताड उघडलं. श्रीहरीच्या पाटावर बसले आणि पोथीचं लाल कापड सोडलं. ही पोथी बायकांनी वाचू नये असं कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण कुणी वाचतही नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली. अक्षर ठळक होतं. मी शेवटचं पान काढलं. वाचलं आणि सासू गेली तर श्रीहरी मला जन्मभर माफ करणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि न वाचावं तर ती उशी तिच्या दातांत. मी वाचायला सुरुवात केली.

"कोन वाचून राह्यलं?" सासूने डोळे उघडले.

"मी, माय. शेवटचा."

"ठेव."

"तुमाले सुटाचं हाये ना? मी करतो समाप्ती. लागला दोष त मले लागन."

"ठेव मनतो ना." एवढ्या आजारातही तिचा आवाज सासूचाच होता. मी थांबले. ती थोडा वेळ श्वास जमवत राहिली. "नारळ कोनं ठिवला?"

"त्यायनं."

"मंग तोच फोडन. त्याच्या मायची पोथी अर्धी राह्यली त उद्या त्याले कोन बलावन? आन लोकायचं जाऊ दे. तोच सोताले मनन का मी मायची पोथी अर्धी ठिवली. जन्मभर मनन. तुले मालूम नाई त्याचा सभाव? मी अशी नाई जात."

माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. "म्हंजे तुमी त्यायच्यासाठी थांबल्या?"

"मंग कोनासाठी? या खाटंसाठी?"

ती दाराकडे बघत होती. बाहेर ऊन होतं, कोंबड्या तांदूळ टिपत होत्या.

"तो दारात उभा हाये पोरी," ती म्हणाली. "कवाचा आला. पाय दुखत असन त्याचे."

आणि ती हसली. हसण्याने खुब्यात कळ आली, तरी हसतच राहिली. मला इतका राग आला की रडूच कोसळलं. माय जाऊ नये म्हणून लेक वाचत नाही आणि लेकाने वाचलं नाही म्हणून माय जात नाही. दोघंही एकमेकांसाठीच करताहेत, आणि दुखणं तेवढं वाढतंय. असल्या मायेला काय नाव द्यावं? मी पोथी होती तशी बांधली.

श्रीहरी परतला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मयताच्या घरून आलेला, म्हणून तो रीतीप्रमाणे अंगणातच थांबला. मी बादली भरून ठेवली होती. त्याने डोक्यावरून पाणी घेतलं आणि टॉवेलसाठी हात पुढे केला. मी टॉवेल मागे धरला.

"आधी मी बोलतो. मंग टॉवेल."

"रंभे, थंडी वाजून राह्यली."

"वाजू द्या. इतवारीच्या बापाले अर्ध्या वाटंवर ठिवलं नाई तुमी. मायले काऊन ठिवलं?"

तो ओल्या धोतरात उभा. पाणी टपकत होतं. त्याने नेहमीसारखं तोंड उघडलं, काहीतरी तिथीचं वगैरे सांगायला, आणि मिटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी बापाले मारलं रंभे."

"काई बी काय बोलता?"

"शेवटची ओळ वाचली आन बापानं मान टाकली. लोक मनत, भाग्यवान. मी मनात मनो, आनखी एक ओळ असती त आनखी एक श्वास घेतला असता त्यानं. मीच पान पलटलं. दुसऱ्याच्या घरी वाचतो त वाटते, सोडवून राह्यलो. इथी बसलो का वाटते, ढकलून राह्यलो." त्याचे दात वाजत होते. थंडीने की कशाने, कोण जाणे. "माय खाटंवर हाये. आवाज देते. हाये ना? एक अध्याय नाई वाचला मनून हाये. तो वाचला का मंग?"

इतक्या वर्षांत हे त्याने मला सांगितलं नव्हतं. ज्याला मी नम्रपणा समजत होते ते हे होतं. तरी मी टॉवेल दिला नाही. दिला असता तर तो तोंड पुसून पुन्हा लपला असता.

"माय तुमच्यासाठी थांबली," मी म्हटलं. "तुमी नाई ठिवलं तिले. तुमची पोथी अर्धी राहू नये मनून ते तिथी उशी चावून राह्यली. मी वाचाले बसली होती. मले वाचू देल्लं नाई. मने, नारळ त्यानं ठिवला, तोच फोडन."

अंगणातलं पाणी त्याच्या पायांखालून नालीकडे जात होतं, तो ते बघत राहिला. मी टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. तो तसाच उभा होता, म्हणून शेवटी मीच त्याचं डोकं पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कुणालाच बोलावलं नाही. ना भजनी मंडळ, ना टाळ. स्वतः उठून दार उघडलं आणि ते पुन्हा लोटू नये म्हणून खाली दगड लावला. मी सासूला विचारलं, "नवं लुगडं काढू?" ती म्हणाली, "राहू दे. मांगच्या बारी काढलं होतं त का झालं?"

तो वाचायला बसला. आधीचे अध्याय कितीदा तरी झालेलेच होते. त्याने शेवटचं पान काढलं. आवाज भरदार नव्हता, फाटत होता, दोनदा ओळ चुकली. इतकं वाईट त्याला वाचताना मी कधी ऐकलं नव्हतं. म्हातारी देवाला म्हणते, थांब बाबा, चूल विझवून येते, तिथे आला तेव्हा सासू मध्येच बोलली, "बरोबर हाये. पेटती चूल सोडून जाऊ नये."

तो थांबला नाही. वासराला पाणी झालं, शेजारणीचं सूप झालं. म्हातारी हात पुसत बाहेर आली. चल म्हणाली. ओळ संपली.

पुढे पान नव्हतं. श्रीहरीने पोथीवरून नजर उचलली आणि मायच्या छातीकडे बघितलं. मीही तिकडेच बघत होते. पांघरूण वर झालं. खाली झालं. पुन्हा वर झालं. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो आणि ती मात्र शांतपणे घेत होती.

"नारळ फोड ना," सासू म्हणाली.

त्याने नारळ उचलून दगडावर आपटला. पाण्याचा थेंब निघाला नाही. आतलं खोबरं सुटं होऊन वाळून गेलं होतं.

"पानीच आटलं त्यातलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "चांगलं वाचलं आज. बापाच्या वक्ती लयच घाई केली होती तुनं."

श्रीहरी आधी हसला. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो लहान पोरासारखा हमसून रडला. त्याच्या हातात काहीच नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. ना बापाला ढकलणं, ना मायला धरणं. इतके दिवस त्याने फक्त तिला ऐकायची होती ती गोष्ट ऐकू दिली नव्हती, आणि एवढंच ते पाप होतं. मला त्याची कीव आली. आणि खरं सांगायचं तर रागही गेला नव्हता.

"पोथी वरतं ठेव," सासू म्हणाली. "आन बस जराक माह्यापाशी. नुसता बस."

तो पाटावरून उठला आणि खाटेच्या कडेला बसला. पांघरूण सरकलं होतं. त्याने तिचे पाय हातात घेतले आणि माझ्याकडे बघितलं. "एवढे बारीक झाले पाय?"

"कालही एवढेच होते," मी म्हटलं.

दुपारी हर्षा आली तेव्हा मायला कुशीवर त्याने घेतलं. जखम बघितली. पट्टी होईपर्यंत हलला नाही. संध्याकाळी सासूने फर्मान काढलं, "धान झडून राह्यला. उद्यापासून विळा घे. माह्या तेराव्याले लोकायले का इकतचा भात चारशील?"

तो शेतात जायला लागला. दुपारी यायचा, तिच्याजवळ बसायचा, पाय चेपायचा आणि किती बांध्या झाल्या ते सांगायचा. ती म्हणायची, धुऱ्याकडचं, बांधालगतचं, सोडू नको. पोथी वर फळीवर होती. घरात मोकळं वाटायला लागलं, दुखणं तेच असूनसुद्धा.

शेवटची बांधी राहिली होती त्या सकाळी सासूने कोरा चहा मागितला. दोन घोट घेतले. मग डोळे मिटून म्हणाली, "बस इथी." चुलीवर भाताचं आधण उकळत होतं, जाळ बाहेर येत होता.

"थांबा माय," मी म्हटलं, "चूल विझवून येतो."

मी लाकडं ओढली, पाणी शिंपडलं, हात पुसत आले. देव थांबला होता. सासू नाही थांबली. तोंड दाराकडे होतं आणि दार उघडं होतं.

कोण सांगायला गेलं माहीत नाही, पण श्रीहरी आला. पायांना चिखल, हातात विळा. तो उंबऱ्यापाशी आला आणि थांबला. आत येईना, मागे जाईना. असा किती वेळ उभा राहिला.

"आत या," मी म्हटलं. "पाय दुखतीन."

मग तो आत आला, विळा कोपऱ्यात ठेवला आणि मायच्या पायाशी बसला.